फॉरवर्डचं बटण कुणाच्या हातात?

अर्धविराम

समाजमाध्यमांवरून वाद निघाला की दोनच तट पडतात. एक म्हणतो, मोबाईलने माणसं बिघडवली. दुसरा म्हणतो, माणसं होतीच तशी, मोबाईलला कशाला बोल लावता. मला यातल्या कुठल्याच तटावर जायचं नाही. गावात, सोसायटीत, राज्यात लोक एकमेकांशी कसे बोलणार हे पुष्कळदा अगदी किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवर ठरतं. बटण कुठे आहे, एका दमात किती जणांना पाठवता येतं, ग्रुपमध्ये किती माणसं मावतात, समोरच्याने स्वतः लिहिलंय की आलेलं पुढे ढकललंय हे दिसतं का. हे ठरवणारी माणसं आपल्याला माहीत नसतात. एके सकाळी ॲप अपडेट होतं आणि बोलण्याचे नियम बदललेले असतात.

उदाहरण आपल्याच राज्यातलं घेते. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने मुलं पळवणारी टोळी समजून मारून टाकलं. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. मारहाण झाली ती ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून. त्याआधी कित्येक दिवस ‘टोळी आलीय, पोरं सांभाळा’ असा मजकूर आणि चित्रफिती देशभर फिरत होत्या. त्यांतली एक तर कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरचं मूल उचलून नेतात, मग परत आणून सोडतात आणि सावध राहण्याचा फलक दाखवतात. आपल्याकडे फिरली ती शेवट कापलेली. अपहरण तेवढं राहिलं, फलक गेला.

नंतरच्या तीन आठवड्यांत व्हॉट्सॲपने जे केलं ते बघा. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. ‘फॉरवर्डेड’ ही चिठ्ठी चिकटवली. भारतात एका वेळी पाचच चॅटना पुढे पाठवता येईल असं केलं आणि फोटो-व्हिडिओच्या शेजारचं झटपट फॉरवर्डचं बटण काढलं. जानेवारी २०१९ मध्ये पाचची मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या काढ्यांचा महापूर आलेला असताना, खूपदा फिरलेला मजकूर एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं ठरलं. कंपनीच्याच सांगण्यानुसार पाचच्या मर्यादेमुळे एकूण फॉरवर्ड २५ टक्क्यांनी घटले आणि एकच्या मर्यादेमुळे खूपदा फिरलेले मजकूर ७० टक्क्यांनी.

या आकड्यांवर मी अडकते. कुणाला उपदेश केला नाही, कुणाला शिकवलं नाही, कुणाला पकडलं नाही. एक बटण हललं आणि कोट्यवधी लोकांचं वागणं बदललं. मग २०१८ च्या आधी ते बटण तिथे कुणी आणि का ठेवलं होतं? आणि तेच व्हॉट्सॲप दुसऱ्या बाजूला ग्रुपचा आकार वाढवत गेलं. २५६ चे ५१२ झाले, २०२२ संपेपर्यंत १०२४. आधी कुठे न फिरलेला मजकूर पाच चॅटना पाठवायचा आणि पाचही ग्रुप भरलेले असतील, तर तो एका दमात पाच हजार जणांकडे जातो. हजाराची वस्ती असलेली कितीतरी गावं आपल्याकडे आहेत; त्यांच्या ग्रामसभेला एवढी माणसं कधी जमली असतील?

माझं म्हणणं एवढंच, की ही बटणं आता रस्ते आणि पाण्याइतकीच सार्वजनिक बाब झाली आहेत. त्यांचे निर्णय बंद खोलीत व्हावेत हे मला पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

खटपट्या

पहिला! वाचून लिहितो.

(धागा फॅमिली ग्रुपवर टाकला तर चालेल ना? चारच ग्रुप आहेत, मर्यादेत बसतो.)

निवृत्त_गुरुजी

लेख अभ्यासपूर्ण आहे, पण निदानाशी असहमत. २१ सप्टेंबर १९९५ आठवतो का कुणाला? गणपती दूध पितो म्हणून सकाळी दिल्लीकडे सुरुवात झाली आणि दुपारपर्यंत देशभर रांगा. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीनंतर निम्मा वर्ग रिकामा होता, शिक्षकही दोन गायब. तेव्हा कुठलं व्हॉट्सॲप होतं? घराघरात लँडलाईनसुद्धा नव्हती. शास्त्रज्ञांनी पृष्ठताण समजावून सांगितला, अंनिसचे कार्यकर्ते चमचे घेऊन प्रात्यक्षिकं करत फिरले, तरी ‘पण आमच्या डोळ्यांनी बघितलं’ हे पालुपद वर्षभर चाललं.

बटण हलवून वैज्ञानिक दृष्टिकोन येत नसतो. तो शाळेत यावा लागतो, आणि तिथे आपण तीस वर्षं काय केलं हा प्रश्न आधी विचारा.

अर्धविराम

गुरुजी, १९९५ चं उदाहरण द्याल असं वाटलंच होतं. त्यात एक फरक आहे. दुधाची अफवा ज्याला पडताळायची होती त्याला चमचा घेऊन देवळात जाता येत होतं. निष्कर्ष चुकीचा काढला असेल, पण गोष्ट समोर होती. शिवाय फोन करणारी आत्या होती, मावशी होती. उद्या तिला ‘काय गं, काय सांगितलंस’ म्हणून विचारता येत होतं. कराचीची कापलेली चित्रफीत साक्रीतल्या माणसाने कुठे जाऊन पडताळायची? ती आली कुठून हेच पुसलेलं. पाठवणाराही ‘मला आलं, मी पाठवलं’ म्हणून मोकळा.

शाळेबद्दल वाद नाही. पण माझ्या ओळखीतले सर्वांत जास्त फॉरवर्ड करणारे लोक डबल ग्रॅज्युएट आहेत.

खटपट्या

>> माझ्या ओळखीतले सर्वांत जास्त फॉरवर्ड करणारे लोक डबल ग्रॅज्युएट आहेत

+१. आणि त्यातले निम्मे निवृत्त. गुरुजी, हलके घ्या.

साक्रीकर

सहसा वाचनमात्र असतो. आज लिहितो, कारण आमच्या तालुक्याचं नाव निघालं की पुढे काय लिहिलं जाणार हे पाठ झालंय: अडाणी आदिवासी, हातात स्वस्त मोबाईल, झालं प्रकरण.

पहिली गोष्ट. तोच मजकूर तेव्हा नाशिक-पुण्याच्या सोसायट्यांच्या ग्रुपवरही होता. तिथल्या उच्चशिक्षितांनी त्यावर विश्वास ठेवला नाही असं समजू नका. ठेवला, आणि वॉचमनला सांगितलं की अनोळखी माणसाला आत सोडू नको, रजिस्टरमध्ये नाव लिही. भीती तीच होती. तिच्या आणि माणसाच्या मध्ये गेट होतं, पगारी वॉचमन होता, फोन केला तर दहा मिनिटांत येणारे पोलीस होते. पाड्यावर यातलं काय असतं? पिंपळनेरचं ठाणं गाठायचं तर रस्ता कसा आहे ते एकदा पावसाळ्यात येऊन बघा. आमचे बरेच लोक ऊसतोडीला, बांधकामाला बाहेर जातात. मागे म्हातारी माणसं आणि पोरं. अशा घरात ‘पोरं पळवतात’ हा मजकूर काय करत असेल?

दुसरी गोष्ट. डवरी गोसावी काही परग्रहावरून आले नव्हते. भिक्षेकरी, बहुरूपी, जडीबुटीवाले, नंदीबैलवाले वर्षानुवर्षं गावोगाव फिरतात. त्यांचे महिने ठरलेले, मुक्कामाच्या जागा ठरलेल्या. जुनी माणसं त्यांना पोशाखावरून ओळखायची. ही ओळख आधीच विरत चालली होती. पुढची पिढी त्यांना अनोळखीच समजायला लागली होती. मोबाईलने त्या अनोळखीपणाला नाव दिलं: टोळी. म्हणून ‘मोबाईलमुळे झालं’ हेही अर्धंच आणि ‘लोक तसेच होते’ हेही अर्धंच.

आणि एक, त्याच १ जुलैला मालेगावातही याच संशयावरून जमावाने एका कुटुंबाला घेरलं होतं, बरोबर लहान मूल होतं. पोलीस वेळेवर पोचले, ते कुटुंब वाचलं. अफवा तीच, दिवस तोच. तेव्हा बटणांवर जरूर बोला, पण पोलीस ठाण्यात किती माणसं आहेत यावरही बोला.

सांजवारा

साक्रीकर, वाचनमात्र राहू नका. तुमच्या या प्रतिसादाचा वेगळा धागा व्हायला हवा.

दुसरी_पाळी

मी याच धंद्यात आहे (व्हॉट्सॲपमध्ये नाही, दुसरीकडे), म्हणून जरा यंत्राच्या बाजूने.

व्हॉट्सॲपवर २०१६ पासून सगळे मेसेज टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद आहेत. मधल्या सर्व्हरला मजकूर वाचता येत नाही. त्यामुळे ‘खोटं ओळखून काढून टाका’ ही फेसबुकवर करता येणारी गोष्ट इथे करता येत नाही. मजकुराला हात लावता येत नसेल तर उरतात फक्त वेग, संख्या आणि चिठ्ठ्या. मेसेज किती हातांतून गेला याचा आकडा मेसेजबरोबरच प्रवास करतो. तो पाचवर गेला की दुहेरी बाण दिसतात आणि एकाच चॅटची मर्यादा लागते. पळवाट सोपी आहे, मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवा, आकडा शून्यावर. राजकीय पक्षांच्या यंत्रणेत पगारावर हेच करणारी मुलं असतात, त्यांचं या मर्यादेने काहीच अडत नाही. अडतं ते आळसाने फॉरवर्ड करणाऱ्या काकांचं. पण खरं सांगायचं तर पूर येतो तो काकांमुळेच, म्हणून आकडे घटले.

याच्या उलट फेसबुक. तिथे मजकूर वाचता येतो आणि कुणाला आधी दाखवायचा हे यंत्र ठरवतं. २०१७ मध्ये त्यांनी लाईकपेक्षा बाकीच्या इमोजींना पाचपट वजन दिलं होतं. त्यात रागाचा लालबुंद चेहराही आला. म्हणजे एखाद्या पोस्टवर लोक संतापले की यंत्राला वाटायचं, वा, पोस्ट चांगली आहे, अजून चार जणांना दाखवू. रागाचं वजन शून्यावर आणायला २०२० उजाडलं, आणि हे बाहेर कळलं ते २०२१ मध्ये आतली कागदपत्रं फुटली तेव्हा. मधल्या काळात मराठी फेसबुकवर झालेली भांडणं आठवा. प्रत्येकाला वाटत होतं की आपण आपल्या मनाने भांडतोय.

चांगलं उदाहरणही देतो, नाहीतर धागा रडका होईल. ट्विटरने २०२० मध्ये, दुवा न उघडताच कुणी रिट्विट करायला गेलं तर ‘आधी वाचणार का?’ असं विचारायला सुरुवात केली. अडवलं काहीच नाही, नुसतं विचारलं. त्यांच्याच आकड्यांनुसार ती सूचना पाहिल्यावर लोक ४० टक्के जास्त वेळा लेख उघडायला लागले.

खटपट्या

हीच सूचना इथे प्रतिसादाच्या खिडकीवर लावा. निम्मे काथ्याकूट बंद पडतील. माझ्यासकट.

काळाकोट

कायद्याच्या बाजूने थोडं, कारण ‘सार्वजनिक बाब’ म्हटलं की लोक लगेच ‘मग सरकारने ताबा घ्यावा’ वर येतात.

सरकारने ताबा घेतला की काय होतं हे आपण पाहिलंय. नोव्हेंबर २०१२, पालघर, तेव्हा ठाणे जिल्ह्यात. बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतरच्या बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाईक केलं. दोघींना अटक. लाईक केल्याबद्दल अटक! वापरलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ होतं. ते पुढे २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य म्हणून रद्द केलं.

नंतर २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम. ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या मेसेज सेवांनी मजकूर सर्वप्रथम कुणी टाकला हे शोधून देता आलं पाहिजे, अशी त्यात अट. व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि एप्रिल २०२४ मध्ये तिथे सांगितलं की कुलूप तोडायला लावलं तर आम्ही भारतातून जाऊ. ‘मूळ पाठवणारा सापडला पाहिजे’ हे राईनपाड्याच्या संदर्भात ऐकायला बरं वाटतं. पण तीच सोय तुमच्या तलाठ्याविरुद्ध तक्रार लिहिणाऱ्यालाही शोधून काढेल. तिसरा प्रयत्न म्हणजे केंद्र सरकारबद्दलचा मजकूर खरा की खोटा हे सरकारच्याच कक्षाने ठरवायचं. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, तिसऱ्यांकडे गेलं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ते रद्द ठरलं.

ॲडमिन मंडळींसाठी अवांतर: गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय की समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. तेव्हा ‘ॲडमिनला अटक होऊ शकते’ हा फॉरवर्ड आला तर घाबरू नका. तोही दुहेरी बाणाचाच असतो.

अर्धविराम, तुमची मागणी मला पटते पण तिचा पत्ता सांगा. निर्णय कंपनीने एकटीने घेऊ नयेत, सरकारनेही एकट्याने घेऊ नयेत, मग कुणी?

बांधावरून

मी राहात्याकडचा. कांदा आणि थोडा ऊस.

इथे फॉरवर्ड म्हणजे अफवा असंच सगळे धरून चाललेत. पुणतांब्याच्या ग्रामसभेत एप्रिल २०१७ मध्ये शेतकऱ्यांनी संपाचा ठराव केला आणि १ जूनला राज्यभर संप सुरू झाला. आमच्यासारख्यांना कुठला पक्ष विचारत होता, की कुठला चॅनेल? ठरावाचे फोटो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर गेले, जिल्ह्याबाहेर गेले. तेव्हा पाचची मर्यादा असती तर? गेले असते, पण उशिराने. बटणाला लगाम लावला की अफवाही हळू होते आणि गरिबाचं बोलणंही. श्रीमंताकडे कॉपी-पेस्ट करणारी पगारी पोरं आहेत, दुसरी_पाळी यांनीच सांगितलं.

लासलगावचा भाव सकाळी लिलाव सुरू झाला की मोबाईलवर येतो. पूर्वी व्यापारी सांगेल तो भाव. हे कुणी विसरू नये.

आता माझी खरी तक्रार. जून २०१८ च्या शेवटी व्हॉट्सॲपने ‘फक्त ॲडमिनच मेसेज टाकू शकेल’ ही सोय आणली. त्यावर कुणीच धागा काढत नाही. गावोगावच्या पंचायतीचे ग्रुप बघा. आमच्याकडे आधी लोक त्यावर विचारायचे, पाणी का आलं नाही, घरकुलाच्या यादीत अमक्याचं नाव कसं. भांडणं व्हायची, शिव्याही व्हायच्या, खोटं नाही बोलत. मग ‘शिस्तीसाठी’ कुलूप लावलं. आता त्यावर येतं काय, तर वाढदिवसाच्या शुभेच्छा, उद्घाटनाचे फोटो, लसीकरणाची तारीख. गाव ऐकतंय, बोलत नाही. आणि विचारलं तर म्हणतात, ग्रुपवर टाकलं होतं की.

ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा १०० यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढी जमत नाहीत, तहकूब होते, मग गणपूर्तीशिवाय उरकतात. लोकांना वाटतं ग्रुपवर कळतंच आहे सगळं.

निवृत्त_गुरुजी

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवरही हेच कुलूप आहे. मला वाटायचं ते बरं आहे, शांतता असते.

खटपट्या

आता गंभीर. राईनपाडा २०१८, मर्यादा २०१८. मग १६ एप्रिल २०२० ला गडचिंचले कसं झालं? पालघर जिल्हा, टाळेबंदी, दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाने मारले. तिथेही चोर, मुलं पळवणारे हीच अफवा होती. एकच चॅटचा नियम तर त्याच महिन्यात लागू झाला होता. ७० टक्के घट वगैरे ठीक, पण उरलेल्या ३० टक्क्यांत माणसं मरत असतील तर त्या आकड्याचं करायचं काय?

आणि गडचिंचल्यानंतरचा प्रकार जास्त भयानक. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून देशभर त्याला धर्माचा रंग द्यायला सुरुवात. राज्याच्या गृहमंत्र्यांना आरोपींची यादी जाहीर करून सांगावं लागलं की यात मुस्लिम कुणी नाही. पाड्यावरची अफवा बोली होती, रात्रीच्या गस्तीवरच्या लोकांच्या तोंडची. नंतरची अफवा सुशिक्षित होती, इंग्रजीत होती, हॅशटॅगसकट होती.

अर्धविराम

खटपट्या, हा आक्षेप मी टाळणार नाही. मर्यादेने गडचिंचले थांबलं नाही. तुम्हीच लिहिलंत तसं ती अफवा बरीचशी तोंडोतोंडी होती, तिथे कुठलंच बटण नव्हतं. साक्रीकर म्हणतात ते पोलीस, रस्ता आणि ओळख हेच तिथे कमी पडलं. पण नंतरची जी सुशिक्षित अफवा म्हणता ती सगळी बटणांवर वाढली: रिट्विट, ट्रेंड, रागाचा चेहरा. म्हणून दोन्ही बाबतींत एकच औषध नाही.

बांधावरून, ॲडमिनच्या कुलपाबद्दल तुम्ही म्हणता ते मान्यच. माझ्या मूळ मुद्द्यात ते बसतं आणि तरी मी लिहिलं नव्हतं. शहरात राहून अफवाच आधी दिसते, गप्प केलेला ग्रुप दिसत नाही.

काळाकोट, पत्ता विचारलात. माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, सुरुवात आहे. कंपन्यांनी कुठली बटणं कधी हलवली आणि त्याने काय झालं याचे आकडे राज्यवार, भाषावार जाहीर करावेत, आणि ते विद्यापीठांना तपासू द्यावेत. २५ आणि ७० टक्के हे आकडे आपल्याला माहीत आहेत कारण कंपनीला ते सांगावेसे वाटले. न सांगितलेले किती असतील? मराठीत काय घडलं, धुळ्यात काय घडलं, याचा आकडाच नाही. यासाठी मजकूर वाचायची गरज नाही, कुलूप तोडायची गरज नाही. अशी सक्ती कायद्याने करता येईल ना?

काळाकोट

करता येईल. २०२१ च्या नियमांत मोठ्या कंपन्यांना तक्रारींचा आणि कारवाईचा मासिक अहवाल काढावाच लागतो. व्हॉट्सॲप किती खाती बंद केली ते दर महिन्याला छापतं. त्या अहवालात रचनेतल्या बदलांचा एक रकाना वाढवायला मूळ कायद्याला हात लावावा लागू नये. रकाना वाढवा म्हणणारं कुणीतरी लागतं, इतकंच.

बांधावरून

तुमचा रकाना दिल्लीत वाढेल तेव्हा वाढो. पंचायतीच्या ग्रुपचं कुलूप काढायला कुठला कायदा लागतो ते सांगा.

काळाकोट

कुठलाच नाही. ग्रुप पंचायतीचा अधिकृत म्हणून चालवला जात असेल तर तो कसा चालवायचा हा विषय ग्रामसभेत येऊ शकतो. आधी लेखी अर्ज द्या, ग्रामसेवकाकडून पोच घ्या आणि विषयपत्रिकेत घालून घ्या. ‘आयत्या वेळचे विषय’ मध्ये ढकलला तर उरकून टाकतील. ठराव झाला तर इतिवृत्तात लिहून घ्या, नंतर प्रत मागा. आणि शिव्यांसाठी काय नियम करणार तेही त्याच ठरावात लिहा, नाहीतर आठ दिवसांत परत कुलूप लागेल.

बांधावरून

१५ ऑगस्टच्या सभेला धरतो. माणसं जमवायला मात्र पोरांना घरोघर पाठवावं लागेल, ग्रुपवर मला टाकता येत नाही.

साक्रीकर

अर्जाचा मसुदा इथे टाका. आमच्याकडेही तोच प्रकार आहे.